जुनी छोटी विमानं उडवणं धोक्याचं, तरी लोकांना ओढ का?

धोका खराच आहे, आणि तो फक्त वयाचा नाही. गोव्यात बोगमाळोच्या नौदल विमान संग्रहालयात फेअरी फायरफ्लाय हे जुनं लढाऊ विमान आहे. त्याचं शेपटाखालचं चाक नीट बघा. अशा विमानांचा गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या मागे असतो. उतरताना आडवा वारा लागला आणि रडरच्या, म्हणजे शेपटावरच्या उभ्या सुकाणूच्या, पेडलवर पाय जरा उशिरा पडला, की शेपूट पुढे यायला बघतं, विमान गर्रकन फिरतं. शिवाय इंजिनासाठी हवा आणि इंधन मिसळणारा कार्बुरेटर! गोव्यासारख्या दमट हवेत 25 अंशांनाही त्यात बर्फ साचू शकतो, इंजिन गुदमरतं. खारा वारा धातू कुरतडतो, ते वेगळंच.

ओढ मात्र हाताची. स्टिक, म्हणजे विमान वळवायचा दांडा, थेट तारांनी पंखांच्या झडपांना जोडलेली, त्यामुळे हवेचा प्रत्येक धक्का तळव्याला कळतो. चांगला शिक्षक आणि चोख मेकॅनिक मिळाला तर जरूर शिका.