भुवया किती वेळा उंचवायच्या?

प्रश्न : दोन वर्षांपासून कथा लिहितेय. परवा एका संपादकांनी कथा परत पाठवताना लिहिलं, 'तुमची पात्रं बोलतात कमी, भुवया उंचावतात जास्त.' वाईट वाटलं, पण मोजलं तर एका पानात चार वेळा! नमुना देते : 'सुनीलचे डोळे विस्फारले. "म्हणजे तू जाणार?" वंदनाने खांदे उडवले. "बघू." त्याच्या कपाळावर आठ्या पसरल्या. तिने ओठ चावला.' चेहऱ्यावरचे भाव लिहायचे तरी कसे? पूर्ण कथा सोबत जोडली आहे. – एक वाचक, मिरज

उत्तर : मोजलंत हे फार बरं केलंत. निम्मं काम तिथेच झालं.

मी एकतीस वर्षं एसटीत कंडक्टर होतो. पहिली कथा लिहिली ती मुक्कामी गाडीच्या मागच्या बाकावर. लोकांना वाटतं, याने किती चेहरे पाहिले असतील! पण गर्दीत कंडक्टर चेहऱ्याकडे बघतो कुठे? तो हातांकडे बघतो.

पाच वर्षांच्या आतल्या पोराला एसटीत तिकीट नाही, त्यापुढे बारापर्यंत अर्धं. एकदा एक बाई मुलाला घेऊन चढल्या. "चारच पूर्ण झालीत," म्हणाल्या. हसून, माझ्या डोळ्यांत सरळ बघत. चेहऱ्यावर संशयाला जागा नाही. पण त्यांचा उजवा हात पोराच्या डोक्यावर होता आणि तो हात त्याला हळूहळू खाली दाबत होता. पोरगं गुडघ्यात वाकलं. कुरकुर न करता वाकलं, म्हणजे त्याला सवय होती. तिकीट फाडलं की नाही ते विचारू नका, आमच्या खात्यातले लोकही हे सदर वाचतात.

त्या बाईंवर लिहायचं तर चेहऱ्याला एक शब्द पुरे. सगळी कथा त्या हातात आहे, आणि पोराच्या गुडघ्यात.

आता तुमची वंदना. 'बघू' या शब्दातच टाळाटाळ आली. वर खांदे उडवले की तीच गोष्ट दुसऱ्यांदा सांगितली. शिवाय मिरजेत खांदे कोण उडवतं हो? इंग्रजी सिनेमातून ते आपल्या कथांत शिरलेत. आपल्याकडची बाई पंजा उताणा करून मनगट फिरवेल, नाक मुरडेल, नाहीतर नुसतं 'च्' करेल. पण मी तर तिला कामाला लावली असती. तोंडाने 'बघू' म्हणतेय आणि लोणच्याच्या बरणीला दादरा बांधतेय, गाठ ओढून पुन्हा आवळतेय. प्रवासात सांडू नये म्हणून. सुनीलला गाठ दिसली की त्याचे डोळे विस्फारायची गरज उरत नाही. आठ्याही राहू द्या.

भरताच्या नाट्यशास्त्रात आठ सात्त्विक भाव सांगितलेत : स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभेद, वेपथु, वैवर्ण्य, अश्रू, प्रलय. म्हणजे थिजणं, घाम, काटा, आवाज फुटणं, कापरं, रंग उतरणं, पाणी, शुद्ध हरपणं. यादीत भुवई नाही की ओठ नाही! भुवई माणूस ठरवून उचलू शकतो, घाम ठरवून आणता येत नाही. नट ते साधतो, तर त्याला मन एकाग्र करावं लागतं असं भरतच सांगतो. खोटं बोलणारं पात्र लिहिताना ही यादी मी समोर ठेवतो. अर्थात आठही एका पानात नकोत, नाहीतर दवाखाना होईल.

एक बारीक चूकही दाखवतो. तुमच्या कथेत मध्येच वंदना 'मी' होऊन बोलते, आणि म्हणते, 'माझा चेहरा पांढराफटक पडला.' तिला कसा दिसला? समोर आरसा नाही. तिला कान गरम झालेले कळतील, जीभ टाळ्याला चिकटलेली कळेल. पांढरेपणा सुनीलला दिसू द्या.

आणि शेवटची ओळ. सुनील विचारतो, "परत येशील ना?" आणि वंदना 'मान हलवते'. डोलावली की नकारार्थी हलवली? मी दोनदा वाचलं, मला कळलं नाही. तेवढं कळवा.