चर्चमधले 'तारण' आणि बँकेतले 'तारण'

प्रश्न असा आहे: 'सोनेतारण कर्ज' या पाटीवरचे 'तारण' आणि चर्चमधल्या रविवारच्या भक्तीत कानावर येणारे 'तुमचे तारण झाले आहे का?' यातले 'तारण', म्हणजे देवाने पापातून वाचवणे, हा एकच शब्द का? आणि त्याऐवजी सरळ 'मोक्ष' म्हटले तर काय बिघडते?

शब्द एकच. 'तॄ' म्हणजे पार जाणे. तरणे, तारणे, तारू ही सगळी त्याच कुळातली. मराठीत माणूस बुडतो तसा पैसाही बुडतो. तो बुडू नये म्हणून सावकाराकडे जे ठेवायचे ते तारण, असाच या अर्थाचा प्रवास मला दिसतो. बोलताना घोळ होत नाही, कारण क्रियापद वेगळे असते. दागिना तारण ठेवतात, माणसाचे तारण होते.

दोन्ही अर्थ जोडून 'ख्रिस्ताने आपल्यासाठी स्वतःला तारण ठेवले' असे म्हणण्याचा मोह होईल. ते टाळावे. तारण ठेवलेली वस्तू कर्ज फिटल्यावर परत मिळते; शुभवर्तमानात, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्रात, येशू आपला जीव देण्याबद्दल बोलतो तिथे मराठी बायबलने 'खंडणी' हा शब्द घेतला आहे. आज तो गुन्हेगारीच्या बातम्यांतला वाटतो, पण तिथे सोडवणुकीसाठी मोजलेली किंमत हाच अर्थ आहे.

आता 'मोक्ष'. त्यात जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटका आहे, आणि ती कल्पना बायबलची नाही. बायबलचा दुसरा भाग म्हणजे नवा करार; त्यातले मूळ ग्रीक क्रियापद 'सोझो' फार जमिनीवरचे आहे. पाण्यात बुडू लागलेला येशूचा शिष्य पेत्र 'प्रभूजी, मला वाचवा' असे ओरडतो, तिथे तेच क्रियापद. बारा वर्षे रक्तस्रावाने पिडलेली स्त्री बरी होते, तिथेही तेच. मराठीत 'वाचवणे', 'बरे करणे' आणि 'तारणे' अशी त्याची वाटणी झाली, म्हणून 'तारण' फक्त मेल्यानंतरचे वाटू लागले. झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारी, आपण 'होसान्ना' गातो, तोही मुळात 'आम्हांला तार' असा धावा आहे, बायबलच्या स्तोत्रसंहितेतल्या स्तोत्र ११८ मधला.

'झाले आहे का?' या प्रश्नाबद्दल मला मनापासून एक सांगायचे आहे. सुरुवातीच्या मंडळ्यांना पत्रे लिहिणारा प्रेषित पौल तिन्ही काळ वापरतो. इफिसकरांना लिहितो, कृपेने तुमचे तारण झालेले आहे. करिंथकरांना लिहिताना ते होत आहे, आणि रोमकरांना लिहिताना पुढे होणार आहे. फिलिप्पैकरांना तर म्हणतो, 'भीत व कापत आपले तारण साधून घ्या', आणि लगेच जोडतो की तुमच्या ठायी कार्य करणारा देव आहे. तेव्हा सोमवारचा हिशेब, घरातले बोलणे, शेजाऱ्याशी असलेले वैर, हे सगळे त्या 'होत आहे'मध्ये येते. नुसता भूतकाळ विचारला की ते निसटते.

'मुक्ती' मात्र मला चालेल. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या संस्थेला तेच नाव दिले. १८९६-९७च्या दुष्काळातून आणलेल्या मुलींना तिथे अन्न मिळाले, अक्षरओळख मिळाली, हाताला काम मिळाले. रमाबाईंनी स्वतः केलेले बायबलचे मराठी भाषांतरही, त्यांच्या निधनानंतर, १९२४ मध्ये तिथूनच प्रसिद्ध झाले.