हळदीच्या पेवापासून सुरुवात कर

अरे, शिकायच्या विषयांची तुझी यादी वाचली. खगोल, संस्कृत, अर्थशास्त्र, संगीत, सगळं एका वर्षात! असं करू नकोस. वाईचे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी पुढे मराठी विश्वकोशाचे प्रमुख संपादक झाले, पण पाया वाईच्या प्राज्ञपाठशाळेतला, संस्कृत शास्त्रं शिकवणाऱ्या शाळेतला. १९२३ साली कलकत्त्याची 'तर्कतीर्थ' पदवी घेतली ती न्यायशास्त्रात, म्हणजे भारतीय तर्कशास्त्रात, मुरल्यावर. एका विषयात मुरलं की दुसऱ्यात आपलं कुठे अडतंय ते तरी कळतं.

तू सांगलीचा ना? मग हरिपूरची पेवं धर. जमिनीत खोल खणलेली, तोंड अरुंद, पोट मोठं. त्यात हळद वर्षानुवर्षं कीड न लागता राहायची. का? आधी माती बघ, मग हवा. बंद पेवात प्राणवायू कमी होतो, कीड जगत नाही. पेव उघडल्यावर लगेच कुणी आत उतरायचं नाही, तेही त्यामुळेच. २००५ च्या पुरात पेवांत पाणी शिरलं, तिथून कृष्णेकडे वळ. हळदीच्या सौद्यात, म्हणजे लिलावात, जाऊन बसलास की अर्थशास्त्र आपोआप येईल.

मृदाशास्त्राचं पुस्तक मी दोन पानांत मिटलं होतं. तिथली माती हातात घेतल्यावर परत उघडलं.

रविवारी सकाळी मोकळा आहेस का? हरिपूरला जाऊ. वही आण.