दहा हजारांत हेल्मेट, ग्लव्हज आणि जॅकेट बसतं का? सांगलीच्या उन्हाचं काय?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नवीन १५० सीसी गाडी बुक केली आहे, सांगली-इस्लामपूर रोजची ये-जा, अधूनमधून एखादा रविवार आंबा घाट नाहीतर चांदोली. हेल्मेट, ग्लव्हज, जॅकेट मिळून दहा हजार बाजूला काढलेत. एवढ्यात काय येतं आणि एप्रिल-मेमध्ये इथं जॅकेट घालून माणूस टिकतो का?

येतं, आणि टिकतोही. मी साखर कारखान्याच्या शेती खात्यात आहे. उसाच्या नोंदी, तोडीच्या चिठ्ठ्या, शेतकऱ्यांच्या तक्रारी असं सगळं काम दुचाकीवरच चालतं आणि तुमचा रस्ता तर माझ्या रोजच्या पायाखालचा. म्हणून व्हिडिओत सांगतात तसं न सांगता या रस्त्याच्या हिशेबानं सांगतो. कुठलीही वस्तू हातात घेतली की मी स्वतःला एकच विचारतो: मे महिन्यात दुपारी दोन वाजता, याच रस्त्यावरच्या तुंग गावाच्या पुढं, हे अंगावर राहील का? नसेल राहणार, तर कितीही भारी असो, घेऊ नका. सहा हजारांचं जॅकेट घेऊन खुंटीला अडकवणारे माझ्याच ऑफिसात दोघे आहेत.

क्रम माझ्या मते हेल्मेट, मग ग्लव्हज, मग जॅकेट. ग्लव्हज दुसऱ्या नंबरला बघून बरेच जण हसतात, त्याचं कारण पुढं येईल.

हेल्मेटसाठी अडीच ते चार हजार धरा. ब्रँडवर डोकं फोडत बसू नका. स्टड्स, स्टीलबर्ड, वेगा यांची साधी फुलफेस हजार-दीड हजारातही मिळतात आणि ती टाकाऊ अजिबात नाहीत. वेगा आणि ॲक्सॉर या तर शेजारच्या बेळगावच्याच. थोडं वर गेलात की ॲक्सॉर, एसएमके, एमटी यांच्यात युरोपच्या ईसीई मानकाची हेल्मेट मिळतात. त्यातलं २२.०६ हे ताजं मानक. त्यात तिरक्या धडकेत डोकं आतून कसं फिरतं हेही तपासलेलं असतं. परवडलं तर घ्या. पण न बसणाऱ्या ईसीईपेक्षा नीट बसणारं साधं आयएसआय मी कधीही निवडीन.

आयएसआयचं मात्र नीट बघा. १ जून २०२१ पासून दुचाकीचं हेल्मेट या खुणेशिवाय बनवायला आणि विकायला बंदी आहे, तरी हायवेच्या कडेला दोरीवर टांगलेली तीनशे-चारशेची हेल्मेट तुम्ही बघितलीच असतील. स्टिकर त्यांच्यावरही असतं. खऱ्या खुणेच्या वर आयएस ४१५१ हा मानकाचा क्रमांक असतो आणि खाली सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक. आयएसआय खूण देणारी सरकारी संस्था म्हणजे बीआयएस. तिचं बीआयएस केअर नावाचं ॲप मोबाईलवर घ्या आणि दुकानातच तो क्रमांक टाका. कंपनीचं नाव आणि परवाना चालू आहे का, दोन्ही दिसतं. ॲपमधलं नाव आणि हेल्मेटवरचं नाव जुळलं पाहिजे, कारण दुसऱ्याचा खरा नंबर छापणारे महाभागही आहेत. ‘डीओटी’ या अमेरिकी मानकाचं नाव लिहिलेल्या स्टिकरला भुलू नका. अमेरिकेतसुद्धा ते प्रमाणपत्र कंपनी स्वतःचं स्वतःच देते, आपल्याकडच्या रस्त्याकडेच्या स्टिकरची तर गोष्टच सोडा.

आणखी एक सोपी खूण. आतलं कापड जरा बाजूला सारून बघा. टणक कवचाच्या आत थर्माकोलचा जाड थर दिसला पाहिजे. डोकं वाचवतो तो हा थर. धडकेत तो चेपतो आणि मार स्वतःवर घेतो. एकदा चेपला की पुन्हा फुलत नाही, म्हणून आपटलेलं हेल्मेट बाहेरून चकचकीत दिसलं तरी ते संपलेलं असतं. फुटपाथवरच्या मालात पुष्कळदा थराच्या जागी नुसता स्पंज असतो.

आता मापाचं. इथंच सगळ्यात जास्त फसवणूक होते, आणि ती दुकानदार मुद्दाम करतो असंही नाही. काउंटरवर हमखास ऐकू येणारं वाक्य म्हणजे, “एक नंबर मोठं घ्या की ओ, आतनं रुमाल बांधता येतोय.” हे ऐकू नका. भुवयांच्या थोडं वरून, मागं डोक्याच्या सगळ्यात फुगीर भागावरून टेप फिरवा आणि सेंटीमीटरमध्ये माप घ्या. मग त्या कंपनीचा तक्ता बघा. एकाचं एम ते दुसऱ्याचं एल असतं. नवं हेल्मेट गालाला दाबूनच बसलं पाहिजे, इतकं की बोलताना गाल दाताखाली येईल. महिनाभरात आतली गादी दबते आणि ते बरोबर बसतं. दुकानात आत्ताच छान सैलसर वाटणारं हेल्मेट दिवाळीपर्यंत डोक्यावर फिरायला लागतं.

घालून पंधरा मिनिटं तसंच दुकानात थांबा. चहा मागवतील, तो घेऊ नका, हेल्मेट काढावं लागेल. काढल्यावर कपाळावर एकाच जागी लाल वळ उठला असेल आणि तिथं ठणकत असेल तर तो आकार तुमच्या डोक्याचा नाही. मोठी साईज घेऊन ते सुटत नाही, मॉडेल बदला. मग पट्टा लावा आणि कुणाला तरी मागून, मानेजवळून हेल्मेट वर-पुढं ढकलायला सांगा. पट्टा लावलेला असताना ते डोक्यावरून निघून आलं तर पडल्यावरही तसंच निघेल. ही चाचणी करताना दुकानदाराचा चेहरा बघण्यासारखा होतो, पण करा.

खाली काहीतरी बांधायची सवय असेल तर हेल्मेटसाठीच मिळणारी पातळ टोपी वापरा, शंभर-दोनशेला येते आणि रोज धुता येते. टॉवेलासारखा जाड रुमाल किंवा मागं गाठ मारलेला स्कार्फ बांधला की केलेलं सगळं माप फुकट.

काच पांढरीच घ्या. काळी आणि इंद्रधनुष्यी काच फोटोत छान दिसते, पण तुम्हाला संध्याकाळी परत यायचं आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरला साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की आष्ट्याकडून येताना काय होतं ते सांगतो. समोर उसाची डबल ट्रॉली. मागं लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर असला तर चिखलानं माखलेला, आणि ट्रॅक्टरवर गाणी एवढ्या मोठ्यानं की हॉर्न द्या नाहीतर देऊ नका. वरून समोरून येणाऱ्या गाडीचा अपर थेट डोळ्यात. अशा वेळी काळ्या काचेतून ट्रॉली दिसते ती ब्रेक मारायची वेळ गेल्यावर. पांढरी काचही ओरखडे पडलेली असली की समोरचा उजेड तिच्यावर फुटतो आणि पुढचं काही दिसत नाही. म्हणून नवी काच सुटी मिळते ना, हे घेतानाच विचारा. शर्टाच्या टोकानं कोरडी पुसू नका. नदीकडेला संध्याकाळी किडे चिकटतात. ओलं फडकं दोन-चार मिनिटं काचेवर ठेवलं की ते आपोआप सुटतात.

आता ग्लव्हज. पडताना माणूस हात पुढं करतो. ठरवून करत नाही, होतंच. आपल्या भागात पडणं बहुतेक कसं असतं बघा: काळ्या रानातनं ट्रॅक्टर डांबरीवर येतो, चाकाचा चिखल रस्त्यावर सांडतो, त्यावर एक सर पडली की साबण. किंवा वळणावर उसाची कांडी आणि पाचट पडलेलं. गाडी चाळीस-पन्नासच्या वेगात, पुढचं चाक सुटतं, माणूस एका अंगावर जातो. डोक्याला बहुतेक वेळा काही होत नाही, पण तळहात सोलून निघतो, आणि मनगटात अंगठ्याच्या बाजूला स्कॅफॉइड नावाचं काजूएवढं हाड असतं ते मोडू शकतं. त्याला रक्तपुरवठा कमी असल्यामुळं ते लवकर जुळत नाही, महिनोन्‌महिने प्लास्टर. लिहायचं काम असलेल्या माणसाला हे परवडत नाही.

त्यामुळं ग्लव्हज घेताना नजर तळव्याकडं ठेवा. मुठीवरचं कार्बनसारखं दिसणारं कवच सगळे बघतात. तळव्याच्या खालच्या भागावर गुळगुळीत टणक चकती आहे का ते कुणी बघत नाही. ती असली की हात रस्त्यावर अडकण्याऐवजी घसरतो आणि मनगटावरचा झटका कमी होतो. तळव्याला चामडं हवं, निदान घासणाऱ्या जागी दुहेरी. आणि मनगटाला पट्टा हवाच. पट्टा बांधून दुसऱ्या हातानं बोटांकडून जोरात ओढून बघा. ग्लव्हज निघून आला तर तो परत करा. आतल्या लेबलवर ईएन १३५९४ हे ग्लव्हजचं युरोपीय मानक असलं तर उत्तम. तिथं १ या लेव्हलच्या पुढं केपी दिसलं तर मुठीची चाचणीही झालेली आहे. असे ग्लव्हज दीड-दोन हजारांत मिळतात. वरून जाळीदार आणि तळव्याला चामडं, ही आपल्याकडची जोडी. अर्ध्या बोटांचे आणि जिमचे ग्लव्हज या कामाचे नाहीत. घामानं कडक झाले तर साध्या पाण्यात धुऊन सावलीत वाळवा, उन्हात टाकले की पापड होतो.

राहिलेल्या साडेचार-पाच हजारांत जॅकेट. इथं खरी ओढाताण आहे. या पैशांत रायनॉक्स, रायडा, सोलेस अशांची सुरुवातीची जाळीची जॅकेट सेल असताना बसतात, नाहीतर थोडे वर घालावे लागतात. बाजारात दोन हजारांत ‘रायडिंग जॅकेट’ म्हणून मिळतं ते रेक्झिनचं असतं, खांद्यात स्पंज असतो. त्यापेक्षा थांबा आणि दोन पगारांनंतर घ्या. जीनचं जॅकेट तर डांबरावर सेकंदभरही धड टिकत नाही.

जाळीच्या जॅकेटमध्ये खांदे आणि कोपरांचे गार्ड बाहेर काढून बघा. त्यांच्यावर ईएन १६२१-१ हे गार्डचं मानक आणि लेव्हलचा १ किंवा २ आकडा असतो. ठरावीक धडक दिल्यावर लेव्हल १ मधून सरासरी ३५ किलोन्यूटनपर्यंत (किलोन्यूटन म्हणजे जोर मोजायचं माप) जोर अंगापर्यंत पोचू शकतो, लेव्हल २ मधून २० पर्यंत. फरक बराच आहे, आणि गार्ड सुटे मिळतात, म्हणजे जॅकेट आज आणि लेव्हल २ पुढच्या वर्षी, असंही जमतं. पाठीच्या खिशात स्वस्त जॅकेटमध्ये नुसता फोमचा तुकडा असतो. त्यावर ईएन १६२१-२ नसेल तर तो पाठीचा गार्ड नाही. अख्ख्या जॅकेटचा दर्जा ईएन १७०९२ च्या लेबलवर ए, डबल ए, ट्रिपल ए असा चढत्या क्रमानं असतो. या बजेटमध्ये ए मिळालं तरी रोजच्या कामाला पुरे.

माप घेताना गाडीवर बसल्यासारखे हात पुढं करा. कोपराचा गार्ड कोपरावरच राहिला पाहिजे; हातानं फिरवून तो बाजूला सरकला तर पडताना पहिला तोच सरकणार. अंगाला जरा घट्टच घ्या, आत पातळ टी-शर्ट धरून.

उन्हाचं उत्तर असं की चालत्या गाडीवर जाळीतून वारा आरपार जातो आणि घाम वाळतो. मला उघड्या हातांवरच्या उन्हापेक्षा ते बरं वाटतं. त्रास होतो तो विश्रामबागच्या सिग्नलला आणि गावातल्या गर्दीत. तिथं चेन खाली घ्या, काढू मात्र नका. काळा रंग टाळा, राखाडी घ्या. ऊनही कमी धरतो आणि रात्री ट्रॅक्टरवाल्याला दिसतोही. निघण्याआधी टी-शर्ट ओला करून घातला तर आष्ट्यापर्यंत गारवा टिकतो. एप्रिलमध्ये मी हेच करतो, बायको रोज ओरडते.

जॅकेटसोबत आतलं रेन लायनर, म्हणजे पावसाचं अस्तर, मिळतं म्हणून जादा पैसे देऊ नका. ते आतून लावायचं असल्यामुळं बाहेरचं जॅकेट भिजून जड होतं, आणि आंबा घाटातल्या पावसात थंडी वाजायला लागते. वरून घालायचा साधा रेनकोट बरा, एक साईज मोठा.

पैसे कमी पडले तर जॅकेट सेकंडहँड चालेल. शिवण तपासा, गार्ड नवे टाका. हेल्मेट मात्र कुणाचं वापरलेलं घेऊ नका, भावाचंसुद्धा नाही. ते आधी कुठं आपटलं हे त्यालाही आठवत नसतं. नवं घेतानाही आतल्या लेबलवर बनवल्याची तारीख बघा. वापरात पाच वर्षं झाली की बदला असं बऱ्याच कंपन्या स्वतःच सांगतात.

आणि गाडी अजून शोरूममधून यायची आहे म्हणून आत्ताच सांगतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १३८ व्या नियमानुसार नव्या दुचाकीबरोबर कंपनीनं बीआयएस मानकाचं हेल्मेट द्यायचं असतं. बिलात ‘ॲक्सेसरीज’च्या ओळीत त्याचे वेगळे पैसे लावलेत का ते बघा आणि लावले असतील तर तिथंच विचारा. ते हेल्मेट मागं बसणाऱ्यासाठी ठेवा. मोटार वाहन कायद्याचं कलम १२९ मागच्यालाही लागू आहे, चार वर्षांवरच्या पोरांनासुद्धा. शोरूमवाले देतात ते बहुधा एकाच मापाचं असतं, तेव्हा रोज मागं कोण बसणार आहे त्यांना सोबत घेऊन जा आणि तिथंच घालून बघायला लावा.