कार्डाचे कोपरे नवेकोरे आहेत, पण चित्र एका बाजूला सरकलंय. ग्रेडिंगमध्ये १० मिळेल का?

अवघड आहे. तुम्ही रत्नागिरीहून लिहिलंय की तुमच्या पोकेमॉन कार्डाची डावी बॉर्डर ३.६ मिमी आणि उजवी २.४ मिमी भरते. बेरीज ६, म्हणजे प्रमाण ६०/४०. पीएसए या कार्डांची स्थिती तपासून १० पर्यंत ग्रेड देणाऱ्या अमेरिकी कंपनीला १० साठी पुढची बाजू साधारण ५५/४५ च्या आत लागते. आधी ६०/४० चालायचं, त्यामुळे जुने व्हिडिओ बघून हुरळून जाऊ नका. मागच्या बाजूला मात्र ७५/२५ पर्यंत सूट आहे. बाकी सगळं निर्दोष असेल तर ९ ची आशा धरा. वर-खालच्या बॉर्डरही मोजा.

बेकेट ही दुसरी ग्रेडिंग कंपनी सेंटरिंग (चित्र किती मधोमध आहे ते), कोपरे, कडा आणि पृष्ठभाग यांना वेगवेगळे गुण देते, त्यामुळे कुठे मार खाल्ला ते तरी कळतं.

चित्र सरकतं ते कारखान्यात कार्ड कापतानाच. कड तासून बॉर्डर सारखी करायचं मनातही आणू नका. ट्रिमिंग पकडलं गेलं की आकड्याची ग्रेडच मिळत नाही.

आपल्याकडची खरी डोकेदुखी दमट हवा. पावसाळ्यात होलो (चमकत्या थराचं) कार्ड धनुष्यासारखं वाकतं आणि वाकलेल्या कार्डावर पट्टी फसवते. आधी स्लीव्ह (पातळ प्लास्टिकचं पाकीट), त्यावर टॉपलोडर (कडक प्लास्टिकचं पाकीट), मग सिलिका जेलच्या पुड्या टाकलेला घट्ट झाकणाचा डबा. कार्ड सपाट झालं की स्लीव्हवरूनच पारदर्शक पट्टीने पुन्हा मोजा. तरीही ६०/४० च आलं आणि कार्ड साधंच असेल, तर डॉलरमधली फी आणि कुरिअरचा खर्च ९ मध्ये वसूल होणं कठीण. पाठवायचंच असेल तर गणपती होऊन पाऊस ओसरू दे.