जुने, मोडके सर्फबोर्ड न जाळता, न फेकता कसे वापरायचे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गोव्यात मांद्र्याला होमस्टे घेतलात, आधीच्या चालकाने मांगरात (सामान ठेवायच्या शेडमध्ये) डझनभर सर्फबोर्ड टाकून ठेवलेत. काही मोडलेत, काही पिवळे पडलेत. भंगारवाला हात लावत नाही, पंचायतीची गाडी नेत नाही. पावसाआधी त्यांचं काय करायचं?

सगळ्यात आधी एक करा: करवत खाली ठेवा. अख्खा बोर्ड मांगरात वर्षभर पडला तरी कुणाचं काही बिघडत नाही. तोच कापला की काचेची पूड आणि फोमचा चुरा होतो आणि तो परत गोळा करता येत नाही. त्यामुळे कापणं हा शेवटचा पर्याय.

भंगारवाल्याचंही बरोबरच आहे. बोर्डात फोम, काचेचं कापड, रेझिन आणि बहुतेकांत मधोमध लाकडाची पट्टी असते. सगळं एकमेकांना कायमचं चिकटवलेलं. रेझिन एकदा पक्कं झालं की पुन्हा वितळत नाही, म्हणून प्लास्टिकसारखं गाळून नवं काही बनवता येत नाही. बर्फाच्या देशांत जुन्या स्कींचं दुखणंही हेच आहे. त्यात लाकूड, काच, कधी ॲल्युमिनियम, कडेला पोलाद आणि तळाला पॉलिथिन असं सगळं एकत्र दाबलेलं असतं. म्हणून तिकडे लोक त्यांच्या खुर्च्या आणि कुंपणं करतात. आपल्याकडेही वाट तीच, फक्त इथे खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस धरून काम करावं लागतं.

आता बोर्ड वेगळे करा. मऊ, रबरासारखी वरची बाजू आणि गुळगुळीत प्लास्टिकचा तळ असेल तर तो सॉफ्टटॉप. शिकवण्याच्या शाळांत बहुधा हेच असतात, तेव्हा तुमच्याकडेही अर्धेअधिक हेच निघतील. कडक कवचाच्या बोर्डांत दोन जाती. मोडलेल्या जागी आत थर्माकोलचे मणी दिसले तर त्यावर इपॉक्सी रेझिन असणार. फोम बारीक, बोटाने घासला की पूड होणारा आणि पिवळसर असेल तर तो पीयू (पॉलियुरेथेन), त्यावर बहुधा पॉलिस्टर रेझिन. शंका असेल तर उघड्या पडलेल्या फोमवर ॲसिटोनचा एक थेंब सोडा: थर्माकोल जागच्या जागी विरघळून खड्डा पडतो, पीयू विरघळत नाही. ही परीक्षा टाळू नका, कारण पॉलिस्टर रेझिनमध्ये स्टायरीन असतं आणि ते थर्माकोल खातं. चुकीचं रेझिन लावलंत तर दुरुस्ती करताकरता बोर्ड आतून पोकळ होतो. इपॉक्सी मात्र दोन्हींवर चालतं. एकच डबा घ्यायचा असेल तर इपॉक्सीचा घ्या, महाग असला तरी.

मग सुटे भाग काढा. शेपटाकडचे पंखे, म्हणजे फिन, बारीक स्क्रूने बसवलेले असतील तर साधारण २.४ मिमीच्या ॲलन की ने निघतात. स्क्रू गंजून अडकला असेल तर त्यावर उकळतं पाणी ओता, दहा मिनिटं थांबा आणि मग फिरवा. जोर केलात तर डोकं घासतं आणि मग सगळी खोबणच उखडावी लागते. फिन आणि पायाला बांधायची दोरी ही विकली जाणारी वस्तू आहे. अश्वे-मांद्रे-हरमल पट्ट्यात सर्फ शिकवणाऱ्यांना विचारा. दोरी आधी ताणून पाहा. भेगा दिसल्या तर ती पाण्यात वापरायला कुणाला देऊ नका, तुटली की माणूस बोर्डापासून सुटतो.

वरचं मेण पाच-दहा मिनिटं उन्हात मऊ होऊ द्या, प्लास्टिकच्या पट्टीने खरवडा आणि डब्यात भरा. वाळूत टाकू नका. उरलेला थर केरोसीनच्या फडक्याने पुसा, मग साबणाच्या पाण्याने धुवा. खोबरेल तेलानेही मेण निघतं, पण तेलाचा थर राहिला तर त्यावर रेझिन धरत नाही.

पाण्यात परत जाण्यालायक कोणता? दोन तुकडे झालेला नाही. सॉफ्टटॉपची मधली पट्टी मोडली असेल (दोन टोकं धरून वाकवल्यावर मध्ये कुरकुर होते) तर तोही नाही. कवच फोमपासून सुटून फुगा आलेला असेल आणि फुगा तळहाताहून मोठा असेल तर सोडून द्या. बाकी भोकं, चिरा आणि कडेचे खड्डे दुरुस्त होतात.

दुरुस्तीत सगळ्यात जास्त घाई वाळवण्यात होते आणि बहुतेक ठिगळं तिथेच फसतात. भोकातून आत गेलेलं पाणी खारं असतं. नुसतं वाळवलं तर मीठ आत राहतं आणि हवेतला ओलावा ओढत बसतं. म्हणून भोकाजवळचा सैल फोम कोरून काढा, गोड्या पाण्याने दोनदा धुवा, भोक खालच्या बाजूला येईल असा बोर्ड उभा करा आणि सावलीत वाऱ्यावर ठेवा. वजन नोंदत जा. दोन-तीन दिवस वजन घटलं नाही की वाळला समजा. थर्माकोलच्या बोर्डाला आठवडे लागू शकतात. कडक उन्हात टाकून घाई करू नका, आतली हवा प्रसरण पावते आणि कवच उचलतं. पावसाळ्यात तर हे काम घ्यायचंच नाही. दमट हवेत इपॉक्सीवर तेलकट पांढुरकी साय येते आणि तिच्यावर पुढचा थर धरत नाही. आलीच तर कोमट साबणाच्या पाण्याने धुऊन मग घासायची. दिवाळीपासून मार्चअखेरपर्यंतचा काळ उत्तम.

भोकाभोवती चार-पाच सेंटीमीटर ८० नंबरच्या पॉलिशपेपरने घासून चमक घालवा. खड्डा रेझिन आणि हलक्या फिलरच्या (रेझिन घट्ट करायच्या पुडीच्या) लगद्याने भरा, पक्का झाल्यावर सपाट घासा आणि त्यावर काचेच्या कापडाची दोन ठिगळं लावा. खालचं भोकापेक्षा दोन सेंटीमीटर मोठं, वरचं आणखी दोन. कापड चौरस मीटरला २०० ग्रॅमच्या आसपासचं हवं. जेटीजवळ होड्यांचं फायबरकाम करणाऱ्यांकडे ३०० किंवा ४५० ची मॅट मिळते. ती बाकाला चालेल, पण पाण्यात जाणाऱ्या बोर्डाला ती जाड आणि जड होते. तळहाताएवढ्या ठिगळाला ४० ग्रॅम रेझिन पुष्कळ.

इपॉक्सी काट्यावर मोजून मिसळा. हार्डनर (रेझिन पक्कं करणारा दुसरा द्रव) जास्त घातला म्हणून ते लवकर सुकत नाही, उलट कायमचं मऊ राहतं. पॉलिस्टरचा हिशेब वेगळा. त्यात एमईकेपी हार्डनर आपल्या ३० अंशांच्या उन्हाळी हवेत शेकडा १ ते १.५ पुरे, म्हणजे ४० ग्रॅमला अर्धा मिलिलिटर. सुईची सिरिंज वापरा, डोळ्याला गॉगल लावा. दुकानातल्या साध्या रेझिनमध्ये कोबाल्ट ॲक्सिलरेटर आधीच आहे का, हे विचारून घ्या. नसेल तर आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचा आणि मगच एमईकेपी. हे दोन द्रव थेट एकमेकांत कधीही मिसळू नका, भडका उडतो. दोन्हींच्या बाटल्याही एका खोक्यात ठेवू नका. आणि कुठलंही रेझिन मिसळल्यावर उंच मगात ठेवू नका, पसरट ताटलीत ओता. मगात साचलेलं रेझिन स्वतःच्याच उष्णतेने धुरावतं.

सॉफ्टटॉपची गोष्ट निराळी. त्याचा तळ बहुधा एचडीपीई प्लास्टिकचा, त्यावर इपॉक्सी काय आणि पॉलिस्टर काय, सोलून निघतं. वरचं मऊ आवरण सुटलं असेल तर सनमायकाला लावतात तो पिवळा रबरी गोंद लोक हमखास लावतात आणि त्यातलं सॉल्व्हंट आतला थर्माकोल खातं. ओलाव्याने पक्का होणारा पीयू गोंद वापरा, पातळ पसरा, वर वाळूच्या पिशव्या ठेवून रात्रभर दाबा. तो फुगतो, त्यामुळे थोडाच लावा.

आता जे पाण्यात जाणार नाहीत त्यांच्याकडे वळू. माझ्या मते होमस्टेला सगळ्यात उपयोगी म्हणजे अंगणातला बाक, आणि त्यासाठी ९ फुटी कडक बोर्ड हवा. इथे लोक दोन चिऱ्यांच्या थरांवर बोर्ड आडवा टाकतात आणि महिन्याभरात मध्ये चीर जाते. बोर्ड पाण्यावर सगळीकडून उचलला जातो, दोन कडांवर टेकून बसणाऱ्यांचं वजन पेलायला तो केलेलाच नसतो. म्हणून भार लाकडावर आणा. बोर्डाखाली लांबीच्या दिशेने मधल्या पट्टीच्या दोन्ही बाजूंना २ इंच रुंद आणि ३ इंच उभ्या अशा माटीच्या (ऐनाच्या लाकडाच्या) किंवा जुन्या सागाच्या पाच फुटी दोन पट्ट्या घ्या. त्यांच्याखाली, चार फुटांच्या अंतरावर, चिऱ्यांचे दोन खांब. बोर्डाचा तळ वक्र असतो, पट्ट्या सरळ. मधली फट इपॉक्सी-फिलरच्या घट्ट लगद्याने भरा, नाहीतर वजन दोन-तीन बिंदूंवरच येतं आणि तिथे कवच पिचतं. नाकाकडचं टोक वर वळलेलं असल्याने बसणारा तिकडे सरकला की बाक उलटतो, म्हणून पट्ट्या खांबांना अँकर बोल्टने बांधा.

बोर्ड पट्ट्यांना जोडताना फोममध्ये स्क्रू मारणं म्हणजे लोण्यात खिळा ठोकणं. पद्धत अशी: जिथे बोल्ट यायचा तिथे, मधल्या लाकडी पट्टीपासून ५ सेंटीमीटर दूर, २५ मिमीचं आरपार भोक पाडा. तळाला चिकटपट्टी लावून भोक इपॉक्सी आणि फिलरने भरा, पण दोन टप्प्यांत. एकदम भरलं तर ते तापतं आणि भोवतीचा थर्माकोल वितळून पोकळी राहते. दुसऱ्या दिवशी त्याच्या मधोमध ८.५ मिमीचं भोक, त्यातून ८ मिमीचा बोल्ट आणि वर-खाली रुंद वॉशर. असे चार बोल्ट. आता बोल्ट इपॉक्सीच्या खांबाला आवळला जातो, फोमला नाही, आणि पाणीही आत जात नाही. बोल्ट ३१६ स्टेनलेसचे घ्या. जीआयचे (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचे) बोल्ट समुद्राजवळ फार टिकत नाहीत. चार भोकांना सुमारे १५० मिलिलिटर आणि पट्ट्यांखाली आणखी पाव लिटर, म्हणजे अर्ध्या लिटरच्या आत काम होतं. शेवटी बाहेरच्या कामाचा पीयू पेंट, फिकट रंगाचा, दोन हात. रंग नसेल तर ऊन रेझिन खातं आणि काचेचे तंतू उघडे पडून बसणाऱ्याच्या मांड्यांना खाज सुटते.

छोटे बोर्ड घरातल्या भिंतीवर शेल्फ किंवा नावाची पाटी म्हणून चालतात. बाहेर पाटी उभी करणार असाल तर लक्षात ठेवा, जूनच्या वाऱ्यात सहा फुटी बोर्ड शीड होतो. किनाऱ्यावरचे शॅक पावसाआधी उतरवतात, तेव्हाच ती पाटीही उतरवा.

एक जागा मात्र वर्ज्य: स्वयंपाकघर, तंदूर, बारमागची दिव्यांची भिंत. हे फोम झपाट्याने पेटतात आणि पीयूच्या धुरात कार्बन मोनॉक्साइडबरोबर हायड्रोजन सायनाइडही असतो. त्याच कारणाने परसात पातेरा (वाळका पाला) जाळतो तसं हे जाळायचं नाही, एक तुकडासुद्धा नाही. मोडक्या बोर्डात माती भरून कुंडी करण्याची कल्पनाही सुंदर दिसते तेवढीच. ओल्या मातीत फोमचा चुरा मिसळत राहतो आणि पहिल्या पावसात वाहून ओहोळात जातो.

कापल्याशिवाय इलाज नसेल तर किनाऱ्यावर कधीच नाही. थर्माकोलचे मणी वाऱ्याबरोबर उडतात, पाण्यावर तरंगतात, आणि मोरजी-मांद्रे पट्ट्यात कासवं अंडी घालायला येतात. वारा नसलेल्या सकाळी बंद मांगरात ताडपत्री पसरा. ग्राइंडर नको, तो पूड हवेत उडवतो. बारीक दातांची हातकरवत घ्या आणि भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब घातलेलं पाणी मारत कापा. एन-९५ मास्क, चष्मा, पूर्ण बाह्या. नंतर अंग आधी थंड पाण्याने धुवा आणि चोळू नका, चोळलं की काच आणखी आत शिरते. ताडपत्री झाडू नका, ओला चुरा फडक्याने टिपून त्या फडक्यासकट पिशवीत बांधा.

उरलेले तुकडे पुनर्वापरात जात नाहीत, हे मान्य करून द्यायचे. साळगावच्या कचरा प्रकल्पात सुका कचरा वेगळा केला जातो आणि पुनर्वापर न होणारा गठ्ठे बांधून राज्याबाहेरच्या सिमेंट कारखान्यांकडे जातो. काचेच्या फायबरला सिमेंटची भट्टी त्यातल्या त्यात बरी: रेझिन आणि फोम इंधन म्हणून जळतात आणि काचेतली सिलिका क्लिंकरमध्ये (सिमेंटच्या कच्च्या खड्यांत) मिसळते, राख वेगळी उरत नाही. पण रोजच्या गाडीत टाकलेला सात फुटी बोर्ड तिथवर पोचणार नाही. पंचायतीच्या कार्यालयात आधी सांगा, किती नग, कशाचे, किती लांब, आणि कोणत्या मापाचे तुकडे घेतील ते विचारूनच कापा. पोती बांधून वर मार्करने ‘काचेचं फायबर’ असं लिहा, कारण ती उचलणाऱ्याच्या हातात मोजे असतीलच असं नाही. उरलेलं पातळ रेझिन गटारात ओतू नका. ताटलीत हार्डनर घालून पूर्ण दगड होऊ द्या आणि त्याच पोत्यात टाका. न वापरलेला एमईकेपी मात्र पोत्यात नाही. तो मूळ बाटलीतच, सावलीत ठेवून फायबरकाम करणाऱ्या एखाद्याला द्या, त्याला तो लागतोच.