नांगर टाकला की टीव्ही का गोठतो?

प्रश्न : मेरीलँडमध्ये अ‍ॅनापोलिसला आमची ३४ फुटी शिडाची बोट असते. धक्क्याला बांधलेली असताना टीव्ही झकास दिसतो, बाहेर नांगर टाकला की चित्र सारखं गोठतं. अँटेना डोलकाठीच्या टोकावर चढवू का? सिग्नल वाढवणारा बूस्टरही लावू का?

उत्तर : दोन्ही नको. तुमचा अँटेना घराच्या गच्चीवरचा, काड्याकाड्यांचा, एकाच दिशेला तोंड असलेला दिसतो. नांगरावर वारा आणि ओहोटी बोट फिरवतात, तिच्याबरोबर तोही फिरतो. त्यात तुमच्याकडे बाल्टिमोरचे टीव्ही प्रक्षेपणाचे मनोरे उत्तरेकडे, वॉशिंग्टनचे पश्चिमेकडे. दूरदर्शनच्या जुन्या दिवसांत सिग्नल घटला तर मुंग्या यायच्या, पण बातम्या कळायच्या. डिजिटलला ती माया नाही, सिग्नल जरा कमी पडला की चित्रच गोठतं.

सगळीकडून पकडणारा, थाळीसारखा गोल अँटेना घ्या. त्याची ताकद कमी असते, पण तुमचे मनोरे पन्नासेक किलोमीटरच्या आतबाहेर आहेत, तेवढ्याला पुरतो. घेताना एकच गोष्ट नीट बघा. बाल्टिमोरची ११ आणि १३, वॉशिंग्टनची ७ आणि ९ ही केंद्रं अजून व्हीएचएफवर, म्हणजे १७४ ते २१६ मेगाहर्ट्झच्या खालच्या पट्ट्यात आहेत; बाकीची बरीचशी वरच्या, यूएचएफच्या पट्ट्यात. खोक्यावर नुसतं ‘यूएचएफ’ लिहिलेलं असेल तर ते परत फळीवर ठेवा. तिथेच छापलेला ‘इतके मैल’ पल्ल्याचा दावा मी वाचतही नाही.

आता उंची. ३ मीटरवरून क्षितिज साधारण ७ किलोमीटरवर, १५ मीटरवरून १६. पण ३०० मीटरचा मनोरा स्वतःच ७० किलोमीटरवरून डोकावत असतो, मग वरच्या ९ किलोमीटरसाठी डोलकाठीवर चढायचं कशाला? शिवाय अँटेनाची नेहमीची आरजी-६ केबल १५ मीटर खाली आली की यूएचएफचा जवळजवळ निम्मा सिग्नल तीच खाते, आणि टोकावर शेजारी बोटीच्या संपर्काच्या रेडिओचा २५ वॅटचा अँटेना असतो तो वेगळाच. मागच्या कठड्यावर उभा दांडा लावा, बास.

बोटीसाठीच्या गोल अँटेनांत बूस्टर बहुधा आतच असतो. त्यावर दुसरा लावलात तर जवळच्या केंद्रांचा सिग्नल फाटतो. तरीही चित्र अडकलं तर टीव्ही बॅटरीवर ठेवून इन्व्हर्टर, सोलरचा चार्जर, एलईडी दिवे एकेक बंद करून बघा. स्वस्तातले एलईडी फार खोड्या करतात.

दक्षिणेला नॉरफोककडे उतरलात तर चॅनेल पुन्हा स्कॅन करा, तिथली केंद्रं वेगळी आहेत.